लेकराले सांगून निघा

आपा, तुमच्या घरी आम्ही चुकलो.

तुम्ही गेल्याची खबर कळली तशा तांड्यातल्या बायका काळीपिवळीत बसून नेरला आल्या, तुमच्या अंगणात शिरल्या आणि आमच्याकडे करतात तसं एकमेकींच्या गळ्यात हात टाकून मोठ्यानं रडू लागल्या. आम्हा बंजारा बायकांचं रडणं नुसतं रडणं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. सूर लावायचा, गेलेल्या माणसाला हाक मारायची आणि त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते सांगत रडायचं. ललितानं सुरू केलं. माझ्या लेकराचा शेंबूड तू आपल्या ओढणीनं पुसला, आपा, आता कोण पुसेल. दुसरीनं ते पुढे नेलं. तेवढ्यात तुमच्या भाभी आतून आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. ललिताच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "इतना जोर से मत रोओ, बहन. मय्यत को तकलीफ होती."

बायका एकदम गप्प झाल्या. पदर तोंडात धरून भिंतीला टेकून बसल्या. भाभींनी सगळ्यांना पाणी दिलं, कोणी कोणाला वाकडं बोललं नाही. तुमच्यात तशी रीत आहे आणि आम्हाला ती माहीत नव्हती, एवढंच. पण मला तिथे बसवेना. रडणाऱ्याला गप्प करायचं नाही, हा तांड्यातल्या तुमच्या खेळघराचा पहिला नियम होता. तुमच्याच अंगणात आम्ही तो पाळू शकलो नाही.

मग पुरुष तुम्हाला घेऊन गेले. बायकांना कब्रस्तानात जाता येत नाही. तुम्ही नेमक्या कुठे आहात ते मी पाहिलेलं नाही. म्हणून कागदावर बोलते आहे.

मला असं लिहिता येतं की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर तुमच्या संस्थेच्या अहवालात. एकदा अहवालात मी 'बालकांचा सर्वांगीण विकास' असं लिहिलं, तेव्हा तुम्ही तो कागद डोळ्यांजवळ नेऊन विचारलं होतं, "हा सर्वांगीण कोन्या बाजूनं होते व? पोटाकून का पाठीकून?" मी चिडले. तुम्ही तेच वाक्य ठेवून सही केलीत, कारण वरच्यांना तसंच लागतं हे तुम्हालाही माहीत होतं. इथे सही करायला तुम्ही नाही, म्हणून जपून लिहिते आहे.

लोक म्हणतात, सगळ्यांना सांगून जायला शिकवणारी आपा स्वतः न सांगता गेली. मला हे वाक्य आवडत नाही. ताप काही कोणाला विचारून येत नाही. आणि तुम्हाला ते कळलं असतं, तर तुम्ही नक्की सांगितलं असतं. आम्हाला एका रांगेत बसवून सांगितलं असतं.

आमच्या तांड्यात दिवाळी झाली की घरं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा जोड्या मुकादमाच्या ट्रकमधून ऊस तोडायला जातात आणि होळीनंतर परततात. काही जण वीटभट्टीवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. अंगणवाडी गावात, नाल्याच्या पलीकडे. तिथवर तीन-चार वर्षांचं लेकरू रोज कोण नेणार? म्हणून तुमच्या संस्थेनं तांड्यातच खेळघर काढलं आणि तुम्ही नेरहून एसटीनं येऊ लागलात. सकाळी लेकरं, दुपारी त्यांच्या आज्या, आणि हंगामाच्या आधी आईबाप. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला यायची.

ट्रक पहाटे निघतो तेव्हा लेकरं झोपलेली असतात. माझ्या आठवणीत सगळे असंच करत आले आहेत. लेकराच्या अंगावरची गोधडी सारखी करायची, हातातल्या बांगड्या वर सारून घट्ट बसवायच्या म्हणजे वाजत नाहीत, आणि निघायचं. लेकरू उठलं की आजी सांगते, आई बाजारात गेली, आत्ता येईल. संध्याकाळी सांगते, उद्या येईल. असं करता करता लेकरू विचारायचं सोडतं. मग आजी समाधानानं म्हणते, विसरलं.

तुम्ही पहिल्याच वर्षी म्हणालात, "विसरलं नाही थे. इचारून फायदा नाही, हे त्याले समजलं."

आणि तुम्ही तुमची रीत सुरू केली. ट्रक आदल्या दिवशी, उजेड असतानाच तांड्यात यायला हवा, म्हणून मुकादमाशी भांडलात. तो म्हणाला, ट्रक उभा ठेवणं परवडत नाही. तुम्ही त्याच्या बायकोला जाऊन भेटलात आणि तिसऱ्या दिवशी त्याला परवडायला लागलं. मग आईनं किंवा बापानं लेकराला मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांगायचं की आम्ही जाणार आहोत, कुठे जाणार आहोत, कधी येणार आहोत, तू कोणापाशी राहणार आहेस. 'उद्या येतो' म्हणायचं नाही. खाऊचं आमिष दाखवायचं नाही. नंतर लेकरांना ट्रकमध्ये चढवायचं. पाल, भांडी, सरपण, कोंबड्यांची डाल यांच्यामध्ये आपली आई कुठे बसणार ते त्यांना दिसू द्यायचं. आणि त्यांनी स्वतःच खाली उतरायचं. कोणी ओढून उतरवायचं नाही. "थांबा," तुम्ही म्हणायच्या, "आपोआप उतरते थे."

आणि उतरायची. रडत उतरायची, पण उतरायची. तांड्यातल्या बायकांनी तुमच्या बैठकीला नाव ठेवलं होतं 'रडवाची बैठक'. "आज कोनाले रडवून राह्यली आपा?" असं विचारतच त्या यायच्या, आणि पहिल्या रांगेत बसायच्या.

मी तुमच्या बाजूनं नव्हते. हे तुम्हाला माहीत होतं, तरी पुन्हा लिहिते. फाट्यापर्यंत चालताना आपलं दर वेळी हेच भांडण व्हायचं. मी म्हणायची, जे टळत नाही ते लेकराला आधी सांगून त्याचा एक दिवस आणखी का खराब करायचा? तुम्ही म्हणायच्या, दिवस खराब होते, माणूस होत नाही. मग मी माझंच उदाहरण द्यायची. मला आणि प्रकाशदादाला याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, दर साली झोपेतच सोडलं. काय बिघडलं? मी शिकतेच आहे ना?

एकदा यवतमाळच्या प्रशिक्षणात आपण एकाच खोलीत राहिलो होतो. परतताना तुम्ही सहज विचारलंत, "तू पहाटेच उठून कायले बसते व?" मी म्हटलं, अभ्यासाची सवय आहे. तुम्ही बरं म्हणालात आणि खिडकीबाहेर पाहू लागलात.

आपा, अभ्यासाची सवय नव्हती. मला पहाटे आपोआप जाग येते. मी उठून खोलीतल्या मुली आपापल्या जागेवर आहेत की नाहीत ते पाहते. सगळ्या दिसल्या की पुन्हा आडवी होते. हॉस्टेलात राहायला लागल्यापासून एकही पहाट चुकलेली नाही. तुम्हाला हे सांगितलं असतं तर भांडण तिथेच संपलं असतं आणि तुम्ही जिंकल्या असत्या. कदाचित म्हणूनच सांगितलं नाही. किंवा याडीला त्यात वाईट ठरवल्यासारखं होईल असं वाटलं. अजूनही नीट सांगता येत नाही.

याडीवरून आठवलं. तुमच्या दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ज्याची कूस भरली नाही, त्यानं आम्हाले लेकरं सोडाची रीत सांगू नये." तुम्ही हसलात. "म्हनून तर तुमच्या लेकरायसाठी वेळ भेटते मले," असं म्हणून तुम्ही पुढच्या बाईकडे वळलात, आणि सगळ्या हसल्या, याडीसुद्धा. पण त्या दिवशी फाट्यापर्यंत तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. मला याडीच्या वतीनं माफी मागायची होती. कशी सुरुवात करावी ते ठरेपर्यंत एसटी आली. तुमच्या अंगणात बायका गप्प झाल्या तेव्हा याडीचा हुंदका मात्र बराच वेळ थांबत नव्हता. भाभींनी तिला एकटीला काही म्हटलं नाही.

तुम्ही गोड होत्या असं मी लिहिणार नाही. ललिताला तुम्ही जे बोललात ते मला आजही पटत नाही. त्या साली तिनं बैठकीत मान डोलावली आणि तरी पोराला झोपेतच सोडून गेली. परत आली तेव्हा पोर आजीच्या लुगड्यामागे लपलं, तिच्याकडे येईना. तुम्ही भरल्या बैठकीत म्हणालात, "चोरावानी गेलती ना, आता थोबी तुले चोरावानीच पायते." ललिता उठून गेली. वाटेत मी म्हटलं, हे असं चारचौघांत बोलायला नको होतं. तुम्ही म्हणालात, लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या चुलीपाशी जाऊन बसलात. माफी मागितली नाहीत, चहा मागितलात. तिनं दिला. तिला तेवढं पुरलं. मला पुरलं नव्हतं.

पण रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीतून डब्बा भरून शीरखुर्मा आणायच्या. कंडक्टर डब्बा बघून तुमच्यासाठी जागा करायचा आणि त्याचा वाटाही घ्यायचा. पहिल्या वर्षी तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी 'पोट दुखते' म्हणून घेतला नव्हता. पुढे त्याच म्हाताऱ्या महिनाभर आधीपासून विचारायच्या, औंदा ईद कधी आहे व. आणि माझी बारावी झाली तेव्हा याडी मला ऊसतोडीच्या टोळीत न्यायला निघाली होती. तुम्ही आमच्या दारात येऊन बसलात. वाद घातला नाहीत. याडीसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसलात, संध्याकाळपर्यंत. उठताना एवढंच म्हणालात, "हिले मले दे. माह्याकडे कामाले मानूस नाही." याडीनं दिलं. मी कॉलेजात आहे ती त्या संध्याकाळमुळे.

आता आरूचं, प्रकाशदादाच्या पोरीचं, सांगते. हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं.

प्रकाशदादानं लग्नानंतर शपथ घेतल्यासारखं केलं होतं, की मी टोळीत जाणार नाही आणि माझी पोरगी मागे ठेवणार नाही. पोटापुरतं शेत होतं, त्यात पराटी लावायची, वहिनीसोबत कापूस वेचायचा, तांड्यातच राहायचं. गेल्या साली बोंडअळी आली. बोंडं वरून हिरवीगार दिसायची, फोडली की आत सडकी. पहिल्या वेच्यानंतर शेतात जाण्यासारखं काही उरलंच नाही. यंदा त्यानं शेत ठोक्यानं दुसऱ्याला दिलं, मुकादमाकडून उचल घेतली आणि दोघांची नावं टोळीत घातली. आरू चार वर्षांची आहे. ती याडीपाशी राहणार हे ठरलेलं होतं. ठरायचं होतं एकच, तिला सांगायचं की नाही.

वहिनी तयार नव्हती. ती म्हणाली, माझ्यानं होणार नाही, मी तिच्यासमोर ट्रकमध्ये चढूच शकणार नाही. तुम्ही दसऱ्याच्या आधी आमच्या घरी आलात, आरूला मांडीवर घेतलं आणि वहिनीला म्हणालात, "हिच्या वेळी मी इथंच बसतो. तू फक्त बोल." वहिनीनं मान हलवली. मला तुम्ही म्हणालात, तू यात पडू नको, घरच्याचं घरच्याकून होत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग तुम्हाला ताप आला.

संस्थेकडून निरोप आला की नवीन ताई येतील, पण दिवाळीनंतर केव्हातरी. दिवाळीत तांड्यातल्या मुली दिवे घेऊन घरोघरी मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागायला निघाल्या, आरूही त्यांच्या मागे एक पणती घेऊन फिरली. त्याच संध्याकाळी वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "आता आपा नाही. राहू दे. झोपेतच जाऊ." तिच्या आवाजात सुटका होती आणि सुटकेची लाजही होती. प्रकाशदादानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वनिता बसन."

मी नाही म्हणू शकले असते. मला तुमचं पटलेलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी हो का म्हटलं, आपा? तुमच्या अंगणात पदर तोंडात घेऊन बसलेल्या बायका मला दिसत होत्या. किंवा पहाटेच्या त्या सवयीमुळे असेल. तुमच्यावरच्या प्रेमामुळे म्हटलं असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते पुरतं खरं नाही.

ट्रक ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी आला. दुपारी ओट्यावर वहिनीनं आरूला मांडीवर घेतलं, तोंड उघडलं आणि तिला बोलताच येईना. ती नुसती आरूच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग प्रकाशदादाच बोलला. आम्ही घरात गोरबोलीत बोलतो, ते इथे मराठीत लिहिते. तो म्हणाला, "आरू, आम्ही ऊस तोडाले चाललो. दूर आहे. होळी झाली की येऊ. तू दादीपाशी राह्यजो."

"अन् मी?" आरूनं विचारलं.

"तू दादीपाशी."

ती उतरली आणि खेळायला गेली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. पाहा, काही झालं नाही, असं ते पाहणं होतं. मलाही तेच वाटलं. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं भांडलो का, असंही वाटलं.

सूर्य कलला तसं लेकरांना ट्रकमध्ये चढवलं. वहिनीनं आरूला आपली जागा दाखवली, पिठाच्या पोत्याला टेकून, कोंबड्यांच्या डालीशेजारी. आरूनं तिथे बसून पाहिलं. मग एकेक लेकरू उतरायला लागलं. कोणी रडत, कोणी बापाच्या अंगावर उडी मारून. शेवटी आरू उरली. तिनं सामान बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "कोनी." आमच्या बोलीत कोनी म्हणजे नाही.

मी थांबले. तुम्ही थांबायच्या तशी. आपोआप उतरते थे. बाकीच्या बायकाही थांबल्या. त्यांना आता तुमची रीत पाठ आहे. ड्रायव्हरनं बिडी पेटवली, ती संपली. याडी खालून म्हणाली, ये, तुला लाह्या देते. मी याडीला गप्प केलं, आमिष नाही. दादा वर चढून तिच्याजवळ बसला. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. ऊस, दूर, होळी, दादी. आरूनं नीट ऐकलं. मग ती त्याला म्हणाली, "तू राह्य दादीपाशी. मी जाते."

खाली उभी असलेली माणसं हसली. मीही हसले असेन. वहिनी हसली नाही. ती ट्रकच्या फळीला धरून उभी होती, आणि एकदम म्हणाली, "चालू द्या तिले संगं."

मुकादम पुढे आला. त्यानं विचारलं, पोरगी सांभाळशील का ऊस तोडशील. वहिनी म्हणाली, "दोन्ही करीन." तो प्रकाशदादाकडे वळला, दादा माझ्याकडे. मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले, कारण तिथे तुम्ही उभ्या असायच्या.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. फडात लेकराकडे पाहायला कोणी नसतं. गाड्या असतात, बैल असतात, धारेचे कोयते असतात, थंडी असते. तिथे खेळघर नाही, ते व्हावं म्हणून तुम्ही संस्थेकडे किती वेळा बोललात आणि प्रत्येक वेळी तो आपला भाग नाही असं उत्तर आलं. सांगा आणि ठेवून जा, हीच तुमची रीत होती. सांगणं हे नीट ठेवून जाण्यासाठीच होतं. तुम्ही वर चढला असता, आरूला जवळ घेतलं असतं, आणि अंधार पडायच्या आत ती तुमच्या कडेवर खाली आली असती. तुमच्याकडून झालं असतं ते.

माझ्याकडून झालं नाही. मला एवढंच कळत होतं, की आपण तिला विचारल्यासारखं सांगितलं आणि तिनं उत्तर दिलं. आता ते उत्तर चालणार नाही, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी काहीच बोलले नाही. आणि माझं न बोलणं सगळ्यांनी हो धरलं.

त्या रात्री तिघंही ट्रकशेजारीच झोपली. पहाटे निघताना आरू सगळ्यांच्या आधी जागी होती, आईच्या ओढणीत गुंडाळून डालीशेजारी बसलेली. तिनं मला हात केला. ट्रक गेल्यावर याडीनं विचारलं, "हे चांगलं झालं का वाईट झालं?" एरवी ती मला असं कधी विचारत नाही. मग ती आत गेली आणि आरूसाठी काढून ठेवलेली लहान गोधडी पुन्हा पेटीत घातली.

तुमचा चाळीसावा अजून व्हायचा आहे, आणि मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले आहे. आपा, तुम्ही आम्हाला लेकराशी खरं बोलायला शिकवलंत. लेकरानं नाही म्हटलं तर काय करायचं, हे एकदाही सांगितलं नाहीत. तुमच्या समोर कधी कोणी तसं म्हटलंच नाही का? की कोणी म्हटलं होतं, आणि तुम्ही इतक्या प्रेमानं खाली उतरवलंत की ते आम्हाला दिसलंच नाही? मला हे तुम्हाला विचारायचं आहे. फाट्यापर्यंत चालत, पूर्वीसारखं भांडत.

प्रकाशदादाचा फोन येतो. तिकडे थंडी फार आहे. पहिल्याच आठवड्यात ऊस तोडलेल्या खोडक्यावर आरूचा पाय कापला, हळद भरून फडकं बांधलं आहे. ती दिवसभर बांधावर बसते आणि वहिनी दर थोड्या वेळानं मान वर करून तिच्याकडे पाहते, त्यामुळे त्यांची मोळी मागे पडते. परवा मी दादाला म्हटलं, वहिनीला दे. वहिनीनं फोन घेतला. मी पायाचं विचारलं. ती म्हणाली, "तू सांगाले लावलं नसतं तं आता घरात असती ते." तिच्या मागे कुठेतरी आरू कोणाच्या तरी शेळीला रागवत होती, अगदी ठसक्यात. वहिनी थोडा वेळ तेच ऐकत राहिली असावी. फोन ठेवून द्यायच्या आधी ती म्हणाली, "रात्री माह्या पोटावर पाय टाकून झोपते." त्यात राग होता की दुसरं काही, ते मला ओळखता आलं नाही.

नवीन ताई अजून आलेल्या नाहीत, म्हणून सुट्टीत खेळघर मीच उघडते. काल ललिता तिथे आली. ती आणि तिचा नवरा पुढच्या आठवड्यात वीटभट्टीवर निघणार आहेत. पोराला सांगायचं का, असं विचारत होती. माझ्याकडे तुमचा आवाज नाही, तुमची खात्री तर नाहीच. तरी मी म्हटलं, हो, सांग.

"अन् त्यानंबी आरूसारखं केलं तं?"

"मंग ऐका लागन."

"आपा असं नव्हती म्हनत," ललिता म्हणाली.

"नव्हती म्हनत," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावर बसली. भट्टीवर धूर असतो, पोराला खोकला आहे, सासूला आता दिसत नाही, हे सगळं ती मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलत होती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर खेळणाऱ्या पोराला हाक मारली.